पूजेला मांडलेली हत्यारं

१७ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी खेळण्यातल्या पाच गाड्या उताण्या घातल्या होत्या आणि त्यांच्या सेलचे कप्पे खरवडत होते. हातात दात घासायचा जुना ब्रश आणि पॉलिश पेपरचा तुकडा. कप्प्यांतून दोन रंगांची घाण निघत होती. पांढरट-हिरवी होती ती सेल गळल्याची. लाल होती ती कुंकवाची. इतक्या वर्षांत मी यंत्रांमधून झुरळं काढली आहेत, भाताची शितं काढली आहेत, एका मिक्सरमधून मंगळसूत्राचा मणी काढला आहे. कुंकू पहिल्यांदाच.

"आता हे काय?" चहाचा कप टेकवायला जागा शोधत नवऱ्याने विचारलं.

"शाळेने केलेली पूजा."

माझा आवाज ऐकून त्याने कप बाहेरच्या टीपॉयवर नेला.

माझं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड आहे. मी मुलांना बिघडलेल्या वस्तू उघडायला शिकवते. डोंबिवलीत माझा वर्ग आहे, शिवाय ठाणे-कल्याणच्या काही शाळांत आठवड्यातून एकदा जाते. फोनवर चौकशी करणारे पालक याला 'सायन्स ॲक्टिव्हिटी' म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधले लोक 'मोडतोडीचा क्लास' म्हणतात. दुसरं नाव जास्त बरोबर आहे.

वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होते. रविवारी शेजाऱ्यांच्या इस्त्र्या, शेगड्या, रेडिओ आमच्या घरी येत आणि मी त्यांच्या शेजारी फतकल मारून बसे. शाळकरी वयात एकदा मी एकटीने टेबलफॅन उघडला, साफ केला, जोडला. फॅन चालू झाला आणि जमिनीवर तीन स्क्रू उरले. मी खूश होते. वडिलांनी फॅन बंद केला आणि म्हणाले, "हे तीन कुठले, ते सांग. मग जेव." मला सांगता येईना. पूर्ण फॅन पुन्हा उघडावा लागला. आईने फडताळातलं जुनं इडलीपात्र काढून माझ्यापुढे सरकवलं. पहिलं झाकण काढलं की त्याचे स्क्रू पहिल्या खळग्यात, पुढच्या भागाचे दुसऱ्यात. जोडताना उलट्या क्रमाने यायचं. आजही माझ्या वर्गातल्या प्रत्येक जोडीपुढे इडलीपात्राची एक थाळी असते. नवीन मुलं खाऊ मिळणार म्हणून खूश होतात.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टेस्टिंगला लागले. नोकरी बरी होती. ती सुटली ती मुलाच्या शाळेमुळे. त्याच्या पाचवीच्या वर्गाला 'वर्किंग मॉडेल' करून आणायला सांगितलं होतं. मी त्याला फिरणारी पवनचक्की घरी करायला बसवलं तर तो रडायला लागला. सगळे विकत आणतात म्हणाला. माझा विश्वास बसेना. त्याला घेऊन स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले.

"कितवी?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"पाचवी."

"पाचवीला ज्वालामुखी चालतो, पण संपलाय. ठिबक सिंचन आहे. सूर्यमाला आहे, लायटिंगवाली. भाषणाचा कागद फ्री."

"आणि हे मूल काय करणार?"

"बाई, मूल उचलून नेणार ना शाळेत. वजनाला हलकं आहे, थर्माकोल."

त्या वर्षी प्रदर्शनात एकाच साच्यातल्या सूर्यमाला मांडलेल्या मी स्वतः पाहिल्या, सगळ्यांचा शनी एकाच जागी तिरका झालेला. परीक्षकांनी त्यांतल्या एकीला पहिला नंबर दिला. कशावरून, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "प्रेझेंटेशन." मुलाची पवनचक्की फिरत होती. तिला कोणी विचारलं नाही, कारण तिच्या पात्यांवर तेलाच्या डब्याची जाहिरात दिसत होती. वर्षभरात मी नोकरी सोडली.

बाहेरच्यांना वाटतं, मी मुलांना काहीतरी बनवायला शिकवते. बनवणं फार नंतर येतं. आधी उघडणं. मी भंगारवाल्याकडून मिक्सर, पंखे, प्रिंटर, घड्याळं आणते आणि घरी आणल्याबरोबर त्यांचे प्लग कापून टाकते, म्हणजे कोणी कुठेही खुपसू शकत नाही. विजेचा धोका तिथेच संपतो. मग मुलांनी वस्तू न उघडता हलवायची, हुंगायची, ऐकायची, आणि आत काय असेल ते चित्र काढायचं. मग उघडायची. मग पुन्हा जोडायची. बंद वस्तू बंदच राहिली तरी चालेल, पण जोडायची. थाळीत स्क्रू उरला तर ज्याची थाळी त्याने तो कुठला ते शोधायचं. एवढंच आहे. यासाठी मोठी खोली लागत नाही की सेन्सर लागत नाहीत.

पालकांचे प्रश्न वेगळेच असतात. सर्टिफिकेट देता का? स्पर्धेत नंबर येईल का? एका आईने मला तिच्या मुलाच्या नखांचा फोटो पाठवला होता, ग्रीस दिसावं म्हणून मोठा करून. एक वडील म्हणाले, "हिला डान्सला घालणार होतो, पण वेळ जुळेना." ती मुलगी पुढे प्रिंटरची मोटर डोळे मिटून काढायची. दिवा स्टेशनजवळच्या एका शाळेत मी सायफन शिकवायला गेले तर पहिल्या बाकावरची पोरगी जांभई देऊन म्हणाली, "हे तर रोज करतो, पाण्याच्या ड्रममधून." मी नळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, मग असं का होतं ते सांग. त्यावर तो तास सगळा भांडणात गेला. इतका चांगला तास पुन्हा झाला नाही.

एका गोष्टीचा राग मात्र जात नाही. माझ्याकडे मुली सातवीपर्यंत येतात. आठवीत कोचिंग क्लास लागतो आणि त्या नाहीशा होतात. मुलगे निदान घरी चोरून काहीतरी उघडत बसतात. मुलींना घरात चोरून करायलाही जागा नसते.

म्हणून बाळकुमच्या प्राचीकडे माझं बारीक लक्ष होतं.

ठाण्यातल्या बाळकुमच्या एका शाळेत मी दर शनिवारी सकाळी जाते. माणकोलीचा पूल झाल्यापासून स्कूटरने पटकन पोचता येतं. प्राची पाटील सातवीत. बोलणं कमी, हात सतत चालू. वर्गातल्या सगळ्या मुलांसारखा तिच्या कंपासपेटीतही एक तपासदिवा असतो, म्हणजे टॉर्चचा जुना बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. सेल जिवंत आहे की मेलेला ते त्याने लगेच कळतं. इतर मुलं तो दिवा हरवतात. प्राचीने स्वतःच्या दिव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मूठ केली होती.

गेल्या पावसाळ्यात एका कंपनीने शाळेला विज्ञानाची खोली दिली. दारावर सोनेरी अक्षरांत 'नवनिर्मिती कक्ष'. आत काचेच्या दारांचं मोठं कपाट, कपाटात स्क्रूड्रायव्हरचे संच, मीटर, भिंगं, आणि काळ्या पट्टीवरून आपोआप चालणाऱ्या सहा गाड्या. मी सामान पाहिलं आणि खरंच आनंदले. चांगल्या प्रतीचं होतं. मुख्याध्यापिका करंदीकर मॅडमना म्हटलं, या शनिवारपासून वापरू.

"जरा थांबा हो सुजाताताई. उद्घाटन होऊ दे."

उद्घाटन झालं. मग म्हणाल्या, नवरात्र होऊ दे. नवरात्रात खंडेनवमीला शाळेने त्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. पाटावर स्क्रूड्रायव्हर, मीटर, गाड्या, वर झेंडू. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं. मग फोटोत छान दिसावं म्हणून गाड्यांचे दिवे लावले. आणि सगळं जसंच्या तसं, बटणं चालू ठेवून, कपाटात गेलं. काचेवर कागद चिकटवला, 'कृपया हात लावू नये.' किल्ली क्लार्क सावंतांकडे.

"आता देणगीदारांची व्हिजिट होईपर्यंत असू दे तसंच," करंदीकर मॅडम म्हणाल्या. "नवंकोरं दिसायला पाहिजे ना."

माझ्या वडिलांच्या कारखान्यातही खंडेनवमीला पूजा व्हायची. आदल्या दिवशी अख्खी पाळी मशिनी धुण्यात जायची. प्रत्येक नट उघडून तेल दिलं जायचं, पान्यांवरचा गंज निघायचा, आणि मग कुंकवाचं एक बोट. दसऱ्याची सुट्टी संपली की त्याच मशिनीवर काम सुरू. वडील देव मानायचे, पण मला सांगायचे की पूजा म्हणजे वर्षातून एकदा नीट पुसणं. आपल्या शाळांनी त्यातलं पुसणं काढून टाकलं आणि कुलूप घातलं. 'हात लावू नका' हे वाक्य आपली मुलं प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा ऐकतात. मुलांसाठी आलेली हत्यारं मुलांपासून वाचवायची, आणि याला वर शिस्त म्हणायचं. नवीन सोफ्यावरचं प्लास्टिक न काढणाऱ्या घरांत आपण वाढलो, ते मला समजतं. पण सोफ्याला निदान कोणी 'नवनिर्मिती कक्ष' म्हणत नाही. मी तीन महिने माझी हत्यारं पिशवीत घालून नेत होते आणि त्या कपाटाकडे पाठ करून मुलांना शिकवत होते.

तर त्या शुक्रवारी सकाळी पाहुणे आले. मला बोलावलं होतं ते 'मार्गदर्शक' म्हणून कोपऱ्यात उभं राहायला. मुलं ओळीत, केसांना तेल, पाठ केलेलं इंग्रजी भाषण. कपाट उघडलं, सहा गाड्या पट्टीवर ठेवल्या. सावंतांनी बटणं खालीवर केली. एकही गाडी हलेना.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. करंदीकर मॅडम हसल्या.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल," सावंत म्हणाले.

त्या गाड्यांना नेटवर्कच लागत नाही. मी पुढे व्हायच्या आत प्राची ओळीतून बाहेर आली. तिने एक गाडी उलटी केली, केसांतला चाप काढून कप्पा उघडला, नाक मुरडलं आणि गाडी बाजूला ठेवली. सेल गळलेले. दुसरी, तिसरी, तशीच. तीन महिने दिवे लावून ठेवल्यावर दुसरं काय होणार? एका गाडीचा कप्पा मात्र कोरडा निघाला. तिने तपासदिवा लावला. बल्ब पेटला. सेल जिवंत, तरी गाडी बंद. तिने बटण हलवून पाहिलं. ते मधेच अडकत होतं. चापाच्या टोकाने तिने त्याच्या खाचेतून काहीतरी उकरलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचा लाल दाणा. पूजेची अक्षत. ती खाचेत गेल्यामुळे त्या गाडीचं बटण कधी चालू झालंच नव्हतं, म्हणून तिचे सेल वाचले होते.

बटण सरकलं, दिवे लागले, गाडी पट्टीवरून वळणं घेत चालायला लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी तिला नाव विचारलं. माझ्या आयुष्यात मी विज्ञानाचं याहून चांगलं प्रात्यक्षिक पाहिलेलं नाही, आणि ते पाठ केलेलं नव्हतं.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि प्राचीच्या वडिलांना फोन गेला.

हरेश पाटील दुपारी आले. बाळकुमचे जुने रहिवासी. शेती होती तिथे आता टॉवर आहेत, त्यांतल्या दोन फ्लॅटचे ते मालक. ऑफिसात खुर्ची असून बसले नाहीत.

"परवानगी न घेता शाळेच्या वस्तूला हात लावला," करंदीकर मॅडमनी सांगितलं. "पाहुण्यांसमोर! डोक्यातली पिन काढून! उद्या सगळी मुलं हेच करतील."

"करू देत," मी म्हटलं.

"सुजाताताई, तुम्ही मध्ये बोलू नका. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी हिने सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर शनिवारचा वर्ग बंद हिचा."

"मी काय तोडलं काय?" प्राची म्हणाली.

"बोलाचा नाय मधी," वडील तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, मना येक सांगा. गारी बंद होती?"

"होती."

"हिने चालू केली?"

"केली."

"मंग माफी कशाची?"

"तेच मी विचारतेय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता हे ठणकावतील. पण ते प्राचीलाच म्हणाले, "दोन शब्द बोल आनि विषय संपव गो. शालेशी भांडून चालतंय का?"

"मी नाय बोलणार."

"मंग क्लास नाय."

"चालेल," प्राची म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

बाहेर फाटकापाशी पाटील मला म्हणाले, "ही जागा शालेला माज्या आजाने दिलेली. आनि मी आतमधी हात जोरून उभा. पोरगी बगत होती माज्याकडं." त्यांनी गाडीची किल्ली उगाच हातात फिरवली. उद्या तिला वर्गाला पाठवणार का, असं मी विचारलं. "बगू," म्हणाले.

'बगू' म्हणजे नाही, हे या धंद्यात मला पाठ झालं आहे. माझ्याकडून जी मुलगी गेली ती प्रत्येक वेळी याच शब्दावर गेली.

मी परत ऑफिसात गेले. करंदीकर मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी शाळेच्या छपरासाठी किती खेटे घातले ते मी पाहिलं आहे. पण त्यांना एका चालत्या गाडीपेक्षा सरळ ओळ जास्त आवडते. मी म्हटलं, उद्या मला कपाटातलं सामान हवं.

"सावंत उद्या रजेवर आहेत. किल्ली त्यांच्याकडे." मग पिशवी पुढे केली. "आणि ह्या पाच गाड्या तुमच्या विद्यार्थिनीने उघडल्यात. तुम्हीच साफ करून आणा. कुलपाला कोणी हात लावलेला मला चालणार नाही, आधीच सांगते."

"कुलपाला हात लावणार नाही," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर ते बोलताना माझ्या मनात काही नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर कुंकू खरवडताना ते कपाट डोळ्यांसमोर आलं. काचेची दोन दारं, मधे कडी, कडीला कुलूप. आणि दोन्ही कडांना शोभेच्या पितळी बिजागऱ्या, फोटोत दिसाव्यात म्हणून सुताराने बाहेरच्या अंगाला बसवलेल्या. सगळे स्क्रू बाहेर. मी ब्रश खाली ठेवला आणि पिशवीत मोठा स्क्रूड्रायव्हर टाकला.

सकाळी मी वेळेआधी पोचले. मुलं आली. प्राची आली नाही. मी थाळ्या मांडल्या, साफ केलेल्या गाड्या मांडल्या, आणि विनाकारण एकाला ओरडले. मग फाटकापाशी मोटरसायकल थांबली. पाटील हेल्मेट न काढता म्हणाले, "घरी पंखा खोलून बसली हो. जेवली नाय रातची. हिला तुमच्याकडंच ठेवा." आणि गेलेही.

मी मुलांना कपाटापुढे उभं केलं. "हे उघडायचंय. कुलपाला हात लावायचा नाही. आधी नुसतं बघा."

मुलं कुलपाकडेच बघत राहिली. किल्लीचं बोलली, तारेचं बोलली. प्राची बाजूने गेली, बिजागरीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

दोघांनी दार तोलून धरलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू पहिल्या खळग्यात, मधलीचे दुसऱ्यात, खालचीचे तिसऱ्यात. दार अलगद सुटलं आणि आम्ही दोन्ही दारं कुलपासकट पलीकडच्या बिजागऱ्यांवर वळवली. 'कृपया हात लावू नये' हा कागद त्यांच्यासोबत भिंतीकडे तोंड करून गेला. नवे सेल कपाटात खोक्यात बंद होते. ते काढले, गाड्यांत घातले. मीटर निघाले, भिंगं निघाली. स्क्रूड्रायव्हर हळदीने पिवळे झाले होते, ते मुलांनी पुसले, तेल दिलं. खंडेनवमी झाली म्हणायची, तीन महिने उशिरा.

करंदीकर मॅडम आवाज ऐकून आल्या तेव्हा सहाही गाड्या फरशीवरच्या काळ्या पट्टीवरून चालत होत्या. त्यांनी निखळलेलं दार पाहिलं, कडीतलं बंद कुलूप पाहिलं.

"सुजाताताई!"

"कुलपाला कोणी हात लावलेला नाही. तपासून घ्या."

त्यांनी खरंच तपासलं. मग प्राचीकडे वळल्या. ती उठून उभी राहिली, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

"सोमवारी मी माफी नाय मागणार," ती म्हणाली.

"तिला प्रार्थनेला उभं केलंत तर शेजारी मी उभी राहणार," मी म्हटलं, "आणि गाड्या का बंद पडल्या ते माइकवर सांगणार. पूजेपासून."

एक गाडी पट्टी सोडून त्यांच्या चपलेवर येऊन अडली. चाकं फिरत राहिली. करंदीकर मॅडमनी वाकून ती उचलली, पट्टीवर परत ठेवली. त्यासाठी त्यांना गाडीला हात लावावा लागला.

"सोमवारचं राहू दे," त्या म्हणाल्या. "पण आधी ते दार लावा. पडलं तर काच फुटेल."

प्राचीने दार लावलं. खालची बिजागरी आधी, मग मधली, मग वरची. तिने थाळी उपडी करून मला दाखवली. एकही स्क्रू उरला नव्हता.

"आणि पुढच्या शनिवारी?" करंदीकर मॅडमनी दारातून विचारलं.

"पुढच्या शनिवारी तेलाची बुधली जास्तीची आणते," मी म्हटलं. "वरची बिजागरी कुरकुरतेय."